दोन तारखांची वही

डिसेंबर जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. यंदा तो तीन भगिनींनी जवळपास एकाच शब्दांत विचारला आहे. बाजारात जाड पुठ्ठ्याचे सुंदर प्लॅनर मिळतात, पाचशे-सातशे रुपयांना. ते घेतले तर घरकामाला शिस्त लागेल का? त्यांतल्या एकीने पुढे लिहिले आहे की मागच्या वर्षीचा प्लॅनर फेब्रुवारीपर्यंत नीट भरला, मग त्यावर मुलांनी चित्रे काढली.

माझे उत्तर थोडक्यात असे की विकत घेऊ नका, शिवा. शिवा म्हणजे खरोखरच सुई-दोऱ्याने शिवा. कसे ते पुढे सांगते. पण आधी हे प्लॅनर फेब्रुवारीत का बंद पडतात ते पाहू, कारण त्यात आपल्या आळसाचा वाटा थोडा आहे.

असा एखादा प्लॅनर उघडून पाहा. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत तासातासाच्या रेघा. 'आजची तीन उद्दिष्टे.' पाणी किती प्यायले ते रंगवायला आठ छोटे पेले. मन कसे आहे ते सांगायला हसरे आणि रडके चेहरे. हे सगळे एका माणसासाठी बेतलेले आहे, ज्याची एक नोकरी आहे, एक टेबल आहे आणि ज्याचा दिवस त्याच्या एकट्याच्या हातात आहे. आपल्या घरात सात-आठ माणसे, त्यांच्या गोळ्या, परीक्षा, हप्ते, पाहुणे. दुपारचे दोन वाजले हे कुणी विचारत नाही, जुहर झाली का ते विचारतात. रमजानच्या महिन्यात तर दिवस पहाटे चारला सुरू होतो, आणि त्या तासासाठी छापील पानावर रेघच नसते. दुसऱ्याच्या मापाचा कुर्ता आपण घालत नाही. वही मात्र दुसऱ्याच्या मापाची घेतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वही कशासाठी, हे ठरवल्याशिवाय ती टिकत नाही. आपल्याला आठवावे म्हणून वही, असे बहुतेक जणी समजतात. मग ज्यांची स्मरणशक्ती चांगली आहे त्यांना वाटते की आपल्याला गरज नाही.

ओळखीतल्या एका घराची हकीकत सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातले गाव. घरचा कर्ता पुरुष कुवेतला, जसे कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत असते. घरात दादी, तीन मुले, एक नणंद आणि या खाला. वरच्या मजल्याचे बांधकाम चालू. खालांना अचानक पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यावे लागले. नऊ दिवस त्या घराबाहेर होत्या आणि नऊ दिवस त्यांच्या उशाशी ठेवलेला फोन थांबला नाही. दादींची साखरेची गोळी जेवणाआधीची कोणती आणि नंतरची कोणती? गवंडी म्हणतो वीस हजारच उचल मिळाली, खरे किती? धाकट्याच्या फीची पावती कुठे आहे? गॅसचे पुस्तक? कुवेतहून पतीचा फोन, की पॉलिसीचा हप्ता भरला होता का. भूल पुरती उतरलीही नव्हती तेव्हापासून खाला उत्तरे देत होत्या, आणि सगळी बरोबर देत होत्या. अख्खे घर त्यांच्या डोक्यात होते आणि डोके मुंबईला होते.

तेव्हा वही लिहायची ती आपण नसताना घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचता यावी यासाठी. ही एक गोष्ट मनात धरली की कोणती पाने हवीत आणि कोणती नकोत, हे आपोआप ठरत जाते. पाण्याचे पेले गळून पडतात.

हे काही नवे शास्त्र नाही. मराठीत लिहिण्या-नोंदण्याचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत: तारीख, दफ्तर, हिशेब, जमा, बाकी. रोजनिशीतला 'निशी' आणि चिटणीस, फडणीस यांच्यातला 'नीस' हा फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. पेशव्यांच्या दफ्तराचे रुमाल पुण्यात आजही जपून ठेवलेले आहेत. आणि आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही दुकानदाराला दोन वह्यांची पद्धत पाठ होती. एक कीर्द, म्हणजे व्यवहार घडेल तसा त्याच दिवशी लिहायचा. दुसरी खतावणी, म्हणजे कीर्दीतून उचलून ज्याच्या-त्याच्या खात्यावर नेऊन मांडायचा. पहिली वेळेप्रमाणे चालते, दुसरी विषयाप्रमाणे. घराला याहून वेगळे काही लागत नाही.

जपानमध्ये हानी मोतोको या बाई होत्या, तिथल्या पहिल्या स्त्री पत्रकारांपैकी एक. त्यांनी १९०३ साली घरगुती मासिक काढले आणि १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची वही तयार केली. तिला तिथे 'काकेइबो' म्हणतात. कौटुंबिक मासिक आणि घरची वही यांचे नाते असे सव्वाशे वर्षांचे आहे, म्हणून या विषयाला या अंकात चार पाने जास्त गेली तरी संपादकांनी रागावू नये.

आता कीर्द शिवायची.

झेरॉक्सला लागतो तो ए-फोर कागद घ्या. पाचशे कागदांची रिम मिळते. आठ कागद एकावर एक रचून मधोमध एकदम दुमडा. सोळा पाने झाली, म्हणजे लिहायला ३२ बाजू. महिन्याचे जास्तीत जास्त ३१ दिवस आणि सुरुवातीची एक बाजू महिन्याच्या मजमुनासाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. एका महिन्याची एक बारीक वही. पर्समध्ये मावते, वजन नाही, आणि खराब झाली तर एकच महिना खराब होतो. वर्षाला बारा आणि रमजानची वेगळी एक, अशा तेरा वह्यांना १०४ कागद लागतात. एक रिम चार वर्षे पुरून ८४ कागद उरतात. पाचशे रुपयांच्या प्लॅनरशी तुलना तुम्हीच करा.

कव्हराला जुन्या कॅलेंडरचे जाड पान चालते, छापील बाजू आत करून. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडताना तडकतो, तो नको. शिवायला दाभण आणि गोधडीचा दोरा हवा, साधारण अर्धा मीटर. घडीवर तीन भोके पाडा. एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून तीन-तीन सेंटीमीटर आत. कागद निसटू नयेत म्हणून आधी कपड्याचे दोन चिमटे लावा. सुई आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात आत घ्या, आतून सरळ खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा, आणि बाहेरून पुन्हा मधल्या भोकात आत या. आता दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना असतील. तो टाका मध्ये धरून गाठ मारा. संपले. पहिल्या वहीला वीस मिनिटे लागतील, तिसरीला पाच. घरात मुली असतील तर त्यांना द्या, मुलगे असतील तर त्यांना आधी द्या.

रेघा मारत बसू नका. जाड काळ्या रेघा मारलेला एक कागद पानाखाली सरकवला की वरून दिसतो. पेन साधे बॉलपेन. जेल पेनची शाई स्वयंपाकघरातल्या ओल्या हाताने पसरते. आणि पेनाला दोरा बांधून वहीला अडकवा. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण घरोघरी वह्या पेन न सापडल्यामुळे बंद पडतात.

दिवसाच्या पानाची मांडणी प्रत्येक घराची वेगळी असेल. मी सुचवते ती अशी. तासांच्या रेघा मारण्याऐवजी पानाला पाच आडवे पट्टे करा: फजर, जुहर, अस्र, मगरीब, इशा. आपण बोलतो तसेच. 'अस्रनंतर ये', 'मगरीबच्या आधी दुकानात जाऊन ये'. या पट्ट्यांचा एक फायदा असा की ते ऋतूप्रमाणे आपोआप सरकतात. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासातनंतर. घड्याळाच्या रेघेवर लिहिलेले 'मगरीबनंतर शिकवणी' हे काम दर महिन्याला चुकत जाईल, पट्ट्यावर लिहिलेले चुकणार नाही. पानाच्या तळाशी दोन बोटे जागा खर्चासाठी. दूध, भाजी, रिक्षा. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाडाचे गोल करतो, ते इथे येतील.

आणि पानाच्या माथ्यावर दोन तारखा. डावीकडे इंग्रजी, शाईने. उजवीकडे हिजरी, पेन्सिलने.

पेन्सिल का, हे वेगळे सांगायला नको. चांदचा महिना २९ चा की ३० चा हे आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत नसते. छापणाऱ्याला वर्षभर आधी ठरवावे लागते, आपल्याला खोडता येते. शिवाय हिजरी तारीख मगरीबला बदलते, मध्यरात्री नाही. म्हणून मगरीबच्या पट्ट्यावर एक ठळक रेघ ओढून तिच्याखाली पुढची हिजरी तारीख लिहायची सवय लावली तर शबे-बरात कोणत्या रात्री आणि रोजा कोणत्या दिवशी हा दरवर्षीचा गोंधळ घरात होत नाही.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हे आपल्या सर्वांना माहीत असते, पण त्याचा परिणाम आधी कागदावर मांडून पाहिला जात नाही. २०२५ साली भारतात रमजान २ मार्चला सुरू झाला तेव्हा दहावीचे पेपर चालू होते. ज्या घरांत हे डिसेंबरमध्येच दोन तारखा शेजारी लिहून पाहिले गेले, त्यांनी ईदचे कपडे, सफाई, किराणा हे सगळे जानेवारीत उरकले आणि मुलाच्या अभ्यासाची खोली मार्चमध्ये शांत ठेवली. २०३० साली तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा. त्या वर्षीच्या किराण्याचे आणि फित्र्याचे अंदाजपत्रक कसे असेल, विचार करा.

रमजानची वही मात्र इंग्रजी महिन्याची न करता रमजानचीच करावी. तेच आठ कागद, ३२ बाजू. तीस दिवसांच्या तीस, पुढची एक जकात, फित्रा आणि ईदच्या याद्यांसाठी, मागची एक कजा रोज्यांसाठी. हे शेवटचे पान घरातल्या प्रत्येक स्त्रीने स्वतःचे वेगळे ठेवावे. आजारपण, बाळंतपण, दर महिन्याचे दिवस यांमुळे सुटलेले रोजे वर्षभरात अदा करायचे असतात, आणि दोन-तीन वर्षांचे साठले की आकडा कुणालाच आठवत नाही. एक रोजा अदा झाला की एक खूण. पान कव्हराच्या आत चिकटवले तर पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही.

इतकी कीर्द झाली. खतावणी, म्हणजे पक्की वही, हे दुसरे प्रकरण. ती एकच असावी, जाड बांधणीची. रजिस्टर किंवा दोनशे पानी लाँग बुक घ्या. पानांवर हाताने क्रमांक टाका आणि पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. ही वही पंधरा-वीस वर्षे चालते. तिच्यात काय असावे याची लांबलचक यादी मी देत नाही. पण एका पानाविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे.

ते पान म्हणजे नावांचे.

घरातल्या प्रत्येकाचे नाव प्रत्येक कागदावर कसे लिहिले आहे, अक्षर न् अक्षर, ते एका तक्त्यात उतरवा. डावीकडे माणसे. वरच्या ओळीत जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, शिधापत्रिका, मतदार यादी, बँक, पासपोर्ट. मग एकेक कागद समोर ठेवून नक्कल करा. आठवणीने लिहू नका. तुम्हाला दिसेल की एकाच माणसाचे नाव कुठे 'मोहम्मद' आहे, कुठे 'मोहंमद', कुठे नुसते 'मो.'. इंग्रजीत कुठे 'यू' आहे, कुठे 'ओ'. मध्ये 'एम' एक की दोन, याला धरबंध नाही. 'शेख' एका कागदावर नावाआधी आहे, दुसऱ्यावर नावानंतर, तिसऱ्यावर गायब. स्त्रियांचे तर विचारू नका. माहेरच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, शिधापत्रिकेवर पतीचे, आधारवर शेवटी 'बी' किंवा 'बानो', बँकेत 'बेगम'. जन्मतारखेत एक जून ही तारीख घरातल्या तीन माणसांची निघाली तर दचकू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असते.

हा तक्ता म्हणजे घराचा एक्स-रे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, हजचा अर्ज, पासपोर्ट, वारसाची नोंद, मतदार यादीची तपासणी, प्रत्येक ठिकाणी माणूस एका अक्षरासाठी परत पाठवला जातो, आणि तो परत येतो तेव्हा शेवटची तारीख दोन दिवसांवर असते. तक्ता आधी केलेला असेल तर कोणता कागद दुरुस्त करायचा हे सवडीने ठरवता येते. साधारण नियम असा की ज्या कागदावरून पुढचे कागद बनतात तो धरून ठेवावा आणि बाकीचे त्याच्याकडे वळवावेत; बहुतेकांच्या बाबतीत तो जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला असतो. काही दुरुस्त्या प्रतिज्ञापत्रावर होतात, काहींना शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. राजपत्राचा अंक आणि तारीखही याच पानावर लिहा. लहान मुलांची घरे असतील तर हे पान आजच करा, कारण सहा वर्षांच्या मुलाचे नाव जुळवणे सोपे, सोळा वर्षांच्याचे कठीण आणि साठ वर्षांच्या अब्बांचे महिनोन्महिने चालणारे काम आहे.

दुसरे पान देण्याघेण्याचे. सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तरी दिराला दिलेले तीस हजार लिहायला आपल्याला संकोच वाटतो. 'घरातल्या घरात काय लिहायचे!' उलट घरातल्या घरातच लिहावे. बाहेरच्याकडे चिठ्ठी असते, घरातल्यांकडे फक्त आठवण, आणि दोघांच्या आठवणीत पाच वर्षांनी दहा हजारांचा फरक पडलेला असतो. तारीख, रक्कम, कशासाठी, कधी परत, दोघांच्या सह्या. भिशीचे पानही इथेच, नंबर कधी लागला त्यासह.

दागिन्यांचे वजन ग्रॅममध्ये लिहा, तोळ्यात नको. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगितला जातो तो जुन्या तोळ्याने, म्हणजे ८७.४८ आणि ६१२.३६ ग्रॅम. आजचा सराफ मात्र दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्या हिशेबाने साडेसात तोळे ७५ ग्रॅमच होतात, आणि हिशेब साडेबारा ग्रॅमने हुकतो. कोणता दागिना कोणाच्या मालकीचा हेही लिहा: मेहेरमध्ये आलेला, माहेरचा, सासूबाईंनी फक्त वापरायला दिलेला. जकात प्रत्येकाची वेगळी असल्याने हे लागतेच. अंगावरच्या दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई मत वेगळे आहे, ते आपापल्या आलिमांना विचारून त्याच पानावर टिपून ठेवावे. जकातीची तारीख हिजरीच लिहा. दरवर्षी इंग्रजी तारखेने देणाऱ्याच्या हातून साधारण तेहतीस वर्षांत एक पूर्ण वर्ष निसटते.

बँकेचे, पोस्टाचे, विम्याचे एक पान. शाखा, खात्याचे शेवटचे चार अंक, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, कागद कोणत्या कपाटात. पिन आणि पासवर्ड कदापि लिहायचे नाहीत. हे पान पती-पत्नींनी एकत्र बसून भरायचे आहे. दहा वर्षे हात न लागलेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात. ती वारसांना नंतरही मागता येते, आणि अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची सोय सुरू केली आहे. पण बँकेचे नाव आधीच ठाऊक असले तर शोधाशोध वाचते. इद्दतीचे चार महिने दहा दिवस चालू असताना एखादी बहीण पतीच्या जुन्या पाकिटांतल्या पावत्या उलगडून, खाते नेमके कुठे होते ते शोधत बसते, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. ज्या घरांत पुरुष मंडळी 'तुला कशाला हवेत हे तपशील' म्हणतात, त्यांनी हा परिच्छेद स्वतः वाचावा.

औषधांच्या पानाला एकच युक्ती. गोळीचे नाव लिहिण्यापेक्षा रिकाम्या पाकिटाचा नाव असलेला तुकडा कापून चिकटपट्टीने लावा आणि शेजारी सकाळ-रात्र, जेवणाआधी-नंतर लिहा. रमजानात वेळा बदलतात तेव्हा डॉक्टरांना विचारून सहरी आणि इफ्तारचे वेगळे दोन रकाने करा.

आता दोन्ही वह्यांची गाठ. आठवड्यातून एकदा, समजा जुम्याच्या दिवशी अस्रनंतर, दहा मिनिटे दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. कीर्दीत गवंड्याला पाच हजार दिल्याचे लिहिले असेल तर ते उचलून खतावणीत त्याच्या पानावर न्यायचे. राहिलेली कामे पुढच्या आठवड्याच्या पानावर पुन्हा लिहायची. रायडर कॅरल या अमेरिकन डिझायनरने 'बुलेट जर्नल' नावाची पद्धत २०१३ साली लोकांपुढे ठेवली आणि ती जगभर चालली. तिचे मर्म हेच हाताने पुन्हा उतरवणे आहे. लहानपणी त्याचे लक्ष एका जागी टिकत नसे, त्यावर उपाय म्हणून त्याने ती स्वतःसाठी जुळवली होती. पुढे लोकांनी तिच्यावर रंगीत पट्ट्या आणि फुले चढवली, तो भाग सोडून द्या. तीन आठवडे पुढे ढकललेले काम चौथ्यांदा लिहायचा कंटाळा येतो आणि मग माणूस एकतर ते करतो किंवा त्यावर काट मारतो. दोन्ही चालेल.

'हे सगळे मोबाइलमध्ये होते की' असे घरातली तरुण मुले म्हणतील. होते. गजर लावायला मोबाइल उत्तम आहे, कागदपत्रांचे फोटोही त्यात ठेवावेत. पण मोबाइल एकाचा असतो आणि त्याला कुलूप असते. दादींना त्यातले काही उघडता येत नाही, कामाला येणाऱ्या मावशींना तर नाहीच. वही फ्रिजवर ठेवलेली असते आणि तिच्यात कुणीही लिहू शकते. किंबहुना लिहिलेच पाहिजे. दूधवाला आला नाही तर ज्याने दार उघडले त्याने लिहायचे. गॅस संपला तर ज्याला कळले त्याने. पहिले दोन महिने तुम्हालाच ओरडावे लागेल, त्याला इलाज नाही. पण कुणी काही विचारले की तोंडी उत्तर देऊ नका, 'वहीत बघ' म्हणा. मुले दोनदा रागावतील, तिसऱ्यांदा वही उघडतील.

पक्की वही मात्र फ्रिजवर नको. ती कपाटात, आणि ती कुठे आहे हे घरातल्या दोन जाणत्या माणसांना माहीत हवे.

जानेवारीची वाट पाहण्याची गरज नाही, मोहर्रमचीही नाही. चालू महिन्याचे जितके दिवस उरले असतील त्यांना पुरतील एवढेच कागद दुमडा. चार कागदांच्या सोळा बाजू होतात. संपलेल्या वह्या वर्षअखेर फाइलच्या टॅगमध्ये ओवून ठेवा. मागच्या ईदला शेवया किती लागल्या होत्या हे पुढच्या ईदला कुणीतरी विचारणारच.

शेवटी लातूरहून आलेल्या पत्राचे उत्तर. त्या भगिनी विचारतात की वही मराठीत लिहावी की उर्दूत. त्यांच्या सासूबाई फक्त उर्दू वाचतात, मुले मराठी शाळेत, पतींना दोन्ही येते पण ते दोन्ही वाचत नाहीत. कीर्द ज्या लिपीत घरातली जास्तीत जास्त माणसे भराभर वाचतात त्या लिपीत लिहा. आकडे सर्वांना कळतील असे. पक्क्या वहीला मात्र एक सोय आहे. मराठी डावीकडून उघडते आणि उर्दू उजवीकडून, म्हणून एकाच वहीला दोन्ही बाजूंनी सुरुवात करता येते. पुढून तुम्ही लिहा, मागून सासूबाईंना लिहू द्या: त्यांची औषधे, त्यांच्याकडे ठेवलेल्या अमानती, कोणाला काय द्यायचे आहे ते. अनुक्रमणिकाही दोन्ही टोकांना वेगळी करा, आणि दोन्ही बाजू भरत भरत जिथे समोरासमोर येतील तिथे एक पान कोरे सोडा, म्हणजे अक्षरे एकमेकांवर उमटणार नाहीत.